मुक्तिदिनाच्या व्याख्यानात भांडण झालं, आता इतिहास मंडळ गुंडाळू का?

ताई, नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या बाजूला आमचं गाव. आम्ही चार समविचारी माणसांनी मिळून गावात इतिहास मंडळ काढलं. दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रात्री मारुतीच्या पारावर व्याख्यान ठेवतो. सुरुवातीला चांगली गर्दी व्हायची. पुढं बाहेरचे प्राध्यापक सातवाहनांवर दीड-दीड तास बोलू लागले आणि माणसं पांगली. यंदा 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, गावातल्याच नव्वदीच्या आजोबांना आठवणी सांगायला बसवलं. रझाकारांना, म्हणजे निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्यांना, वाट दाखवणारं घर कोणतं, ते त्यांनी माईकवरून नाव घेऊन सांगितलं. त्या घरातला नातू समोरच बसलेला. आरडाओरडा झाला, माईक बंद करावा लागला. तेव्हापासून व्याख्यानं थांबली आहेत. सरपंच म्हणतात, गडकिल्ल्यांवर बोला, गावाचं उकरू नका. आमच्या घरी म्हणतात, पेन्शन खा आणि गप बसा. त्यात एका पोराला शेततळं खांदताना जुनी नाणी सापडली, तो ती मला दाखवून गेला. त्यांचं काय करावं तेही कळेना. मंडळ बंद करून टाकू का?
— एक निवृत्त गुरुजी

गुरुजी, रामराम.

मंडळ बंद करू नका. माईक मात्र काही महिने कपाटात घालून कुलूप लावा.

आजोबांनी जे सांगितलं ते गावाला नवं होतं का? मला नाही वाटत. कुणाच्या घरानं कधी काय केलं हे गावात ज्याला त्याला ठाऊक असतं. ओसरीवर, बाजेवर पडल्या पडल्या ते शंभरदा सांगून झालेलं असतं, ऐकणारा ‘हूं’ म्हणून कूस बदलतो. तेच वाक्य मुक्तिदिनाला, झेंडावंदन झाल्यावर, शाल पांघरून बसलेल्या माणसानं माईकवरून म्हटलं की त्याची साक्ष होते आणि समोरचा नातू आरोपी म्हणून उभा राहतो. त्याला आधी कल्पना नाही, बोलायची संधी नाही. तो ओरडला नसता तरच नवल.

तेव्हा आधी त्या घरी जा. एकटे जा. सरपंचाला बरोबर नेलंत तर मिटवामिटवीची बैठक वाटेल. चहा घ्या, पाऊसपाण्याचं बोला आणि मग विचारा, ‘तुमच्या घरात ही गोष्ट कशी सांगतात?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. पाठीला बंदूक लावून कुणी पुढं चालायला लावलं असेल. पोटासाठी चाकरी धरली असेल. किंवा आजोबा म्हणतात तेच खरं असेल. ते तुम्ही ठरवायचं नाही. तुमच्या भागातली त्या वेळची स्थिती डोळ्यांसमोर आणा. 15 ऑगस्ट 1947 नंतर बार्शी भारतात, तुम्ही निजामात, आणि मध्ये चालत जायचं अंतर. पलीकडं सरहद्दीला लागून निजामाविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे कॅम्प, अलीकडं निजामाचे पोलीस आणि रझाकार. मधल्या गावातल्या माणसानं, दारात बंदूक घेऊन जो येईल त्याला पाणी द्यायचं नाही तर काय करायचं? तेरा महिने हे चाललं. त्यातला फितूर कोण याचा निकाल इतक्या वर्षांनी पारावर बसून लावायची घाई कशाला?

दुसरी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणून मुद्दाम काढते. मराठवाड्यात 1948 सालाला दोन बाजू आहेत. रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली, घरं पेटवली, लोक बायका-पोरं गाड्यांत घालून बार्शी-सोलापूरकडं पळाले. ही बाजू आपण दरवर्षी भाषणात सांगतो आणि सांगायलाच पाहिजे. 13 ते 17 सप्टेंबरची पोलीस कारवाई झाली, संस्थान मुक्त झालं, आणि त्यानंतरच्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता तेही त्यात मेले. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं संस्थानात फिरून अहवाल दिला. कारवाईच्या वेळी आणि नंतर मिळून सगळ्या संस्थानात किमान 27 ते 40 हजार माणसं मेली असावीत, असा त्यांचा अंदाज. सगळ्यात जास्त झळ बसलेले म्हणून त्यांनी चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद (आताचा धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. म्हणजे तुमचाच जिल्हा पहिल्या चारांत. तो अहवाल कितीतरी वर्षं बासनात होता. ही बाजू गावात कुजबुजत सांगतात, तीही ओळखीच्या माणसाला. एक बाजू खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

तुम्ही लिहिता, ‘चार समविचारी माणसांनी मिळून’. रागावू नका, पण ही चौघं एकाच आळीतली तर नाहीत ना? त्यांत मोहल्ल्यातलं कुणी आहे का? भीमनगरातलं? वडार वस्तीवरचं? एखादी बाई? समविचारी माणसांचं भजनी मंडळ उत्तम चालतं, इतिहास मंडळाला जरा भिन्न विचारांचीच माणसं लागतात.

आजोबांचं राहिलेलं सांगणं त्यांच्या घरी जाऊन टिपा. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. जवळ सून नाही तर लेक असू द्या, म्हणजे ते मोकळे होतील आणि घरच्यांनाही कळेल आपण काय विचारतोय. रेकॉर्डिंग सुरू झालं की तारीख, त्यांचं नाव आणि ‘1948 ला तुम्ही किती वर्षांचे होता’ हे आधी बोलून घ्या. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आता नव्वदीला टेकलंय, त्यामुळं पुढच्या मुक्तिदिनाची वाट बघत बसू नका. दर गोष्टीला एकच विचारायचं: ‘हे तुम्ही डोळ्यानं पाहिलं, का कुणाकडून ऐकलं?’ ऐकलेलं फेकून द्यायचं नसतं, पण कुणाकडून ऐकलं ते लिहायचं असतं. लढा, बलिदान असले मोठे शब्द तुमच्या तोंडून येऊ देऊ नका, नाही तर तेही वर्तमानपत्रासारखं बोलायला लागतील. बारीक विचारा. पळताना गाडीत काय काय टाकलं? जनावरं कुणाच्या भरवशावर सोडली? करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका कुठं होता आणि तिथला जवान काय काय उघडून बघायचा? निजामाचा हाली सिक्का बार्शीत चालायचा का? सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार (इंग्रजी रुपये), हा हिशेब म्हाताऱ्या माणसांना अजून तोंडपाठ असतो आणि तो सांगताना त्यांचा चेहरा बघा तुम्ही. अशा बारीक गोष्टींमागून मोठ्या गोष्टी आपोआप येतात.

मग नावांचं काय करायचं? वहीत ती लिहा, व्याख्यानात घेऊ नका. ‘गावातलं एक घर’ म्हणा. ही लपवाछपवी झाली, असं काही वाचक म्हणतील. मला ते पटत नाही. ज्या नातवानं आज त्या गावात शेती करायची आहे, ज्याची पोरं त्याच शाळेत जायची आहेत, त्यानं आजोबा-पणजोबा निवडून घेतलेले नाहीत. नाव वहीत राहील, वही शाळेच्या कपाटात राहील, पुढं गरज पडेल त्याला ती मिळेल. आणि एक नेम करून टाका: ज्या घराबद्दल बोलायचं त्या घराला आधी दाखवल्याशिवाय ते पारावर जायचं नाही. तुमची निम्मी भांडणं तिथंच संपतील.

आता कागदांबद्दल. तुमच्या गावात माडीवर, कोनाड्यात, पत्र्याच्या पेटीत निजामाच्या काळातले कागद असणार. वाड्याच्या ढाळजेतल्या पेटीत तर हमखास. मुंतखब (इनामाचा दाखला) असेल, पावत्या असतील, शाळेचा दाखला असेल. ते उर्दूत असल्यामुळं घरातल्या कुणालाच वाचता येत नाहीत, म्हणून नीट राहिलेत. हे वाचायला तुम्हाला मोहल्ल्यात जावं लागेल. उर्दू शाळेचे मास्तर असतील, मशिदीतले मौलाना असतील, त्यांना बोलवा. जुनी दफ्तरी उर्दू शिकस्ता वळणात लिहिलेली असते, घाईनं ओढलेली, नुक्ते (टिंबं) गाळलेली. तीत छापील उर्दू वाचणाराही अडखळतो. अडखळू द्या. पाटलाच्या वाड्यातला कागद मौलाना चाचपडत वाचतायत आणि महसूल बघणाऱ्या मालीपाटलांचे वंशज शेजारी बसून शेताची नावं सुचवतायत, याहून चांगलं व्याख्यान तुमच्या मंडळाला मिळायचं नाही. तारीख फसली सनात, म्हणजे निजामाच्या सरकारी कालगणनेत, असेल. त्यात 590 मिळवा. 1357 फसली म्हणजे 1947. हे वर्ष ऑक्टोबरात आझूर महिन्यापासून सुरू व्हायचं, म्हणून नेमकं बोलायचं तर 1947-48. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक (शेतवार नोंदींचं) मिळतं, तेही गावाच्या दृष्टीनं मोलाचं.

कागद कुणाच्याही घरातून बाहेर आणायचा नाही. मालकासमोर फोटो काढायचा आणि तिथल्या तिथं परत हातात द्यायचा. देवस्थान इनाम, दर्ग्याची जमीन, वतनी जमीन यांचे दावे चालू असतात. आज कोर्टात असलेल्या गट नंबरावर पारावर एक शब्द काढू नका. आणि 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून जुन्या कागदाकडं बघायची नजरच बदलली आहे. तुमच्याकडंही माणसं येतील, ‘गुरुजी, आमची नोंद काढून द्या’ म्हणून. मंडळानं त्यात पडू नये. कागद कुठं मिळतो ते सांगावं आणि नमस्कार करावा.

आता गर्दीबद्दल. प्राध्यापकांचा फार दोष नाही. रात्री साडेनऊला, दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाला सातवाहनांची नाणी दाखवायची तर त्याचा डोळा लागणारच. तुमच्या हातात एक विषय असा आहे की ज्यावर पारावर बसलेला प्रत्येक माणूस तज्ज्ञ आहे: बहात्तरचा दुष्काळ. तेव्हाची वीस वर्षांची पोरं-पोरी आज सत्तरी ओलांडून गावातच आहेत. खडी फोडायला कुठल्या कामावर होतात? हजेरी कोण घ्यायचा, पगाराला किती दिवस लावायचा? कामावर खायला मिळणारी सुकडी कशात आणायचात? परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, ‘तिकडं जनावरं खातात ती’ म्हणत नाक मुरडून खाल्लेली, ती कुणाला आठवत नाही? गावाबाहेरचा पाझर तलाव, शिवेकडं जाणारा कच्चा रस्ता त्याच कामांतला असेल तर व्याख्यान पारावर ठेवूच नका, तलावाच्या भरावावर ठेवा. त्या दुष्काळी कामांतून राज्याची रोजगार हमी उभी राहिली, 1977 ला तिचा कायदा झाला, आणि 2005 चा देशाचा कायदा त्याच वाटेनं आला. तुमच्या गावातल्या बायकांच्या हातावरचे घट्टे त्या इतिहासात मोडतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि एक प्रश्न टाकून बाजूला व्हा: बहात्तर वाईट का 2016? म्हातारी माणसं म्हणतील, आमच्या वेळी धान्य नव्हतं पण विहिरीत पाणी तरी होतं. पोरं म्हणतील, आमच्या वेळी रेशनवर धान्य होतं, पण पाण्याला मिरजेहून लातूरला रेल्वे यायची. बोअर किती फूट गेले, ऊस कुणी लावला, यावर ती सभा रात्री अकरापर्यंत चालेल. भांडणही होईल. हे भांडण होऊ द्या.

वेळ मात्र बदला. शेवटचा शनिवार हा नोकरदाराचा हिशेब आहे. शेतीची थ्री फेज लाईट ज्या आठवड्यात रात्रपाळीला असते, त्या आठवड्यात गडीमाणूस पाण्याची दारं धरायला रानात असतो; दिवसपाळीचा आठवडा बघून तारीख ठरवा. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर जातात, त्या उन्हाळ्यात परततात. मधल्या महिन्यांत तुमच्या गावातली कितीतरी घरं कुलूपबंद असतात आणि मंडळाला वाटतं लोकांना इतिहासात रस नाही! त्यांच्यासाठी पावसाळ्यात ठेवा. उचल, मुकादम, कोयता, कोणत्या सालापासून कोणत्या कारखान्यावर जाणं सुरू झालं, हा काय इतिहास नाही?

मारुतीच्या पाराबद्दलही विचार करा. पार तुमच्यासाठी गावाची जागा असेल, सगळ्यांसाठी असेलच असं नाही. कुणाचा आजा त्या पारावर बसू शकत नव्हता आणि ते अजून कुणाच्या मनात असेल. शाळेचा वर्ग घ्या. बायकांसाठी दुपारची वेळ धरा, बचत गटाच्या बैठकीला जोडून. अंधार पडल्यावर त्या पारावर येणार नाहीत आणि आल्या तरी बोलणार नाहीत. सासुरवाशिणींना दोन गावं माहीत असतात, माहेरचं आणि इथलं, ही गोष्ट आपण गडीमाणसं धरून बसलो की निसटते. त्या निमित्तानं तुमच्या घरातल्या बाईंनाही विचारून बघा, त्या ‘गप बसा’ म्हणतायत ते मंडळाला का दर महिन्याच्या त्या शनिवारच्या चहाला.

हार-तुरे बंद. प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, सरपंचांचं मनोगत, आभार आणि आभाराच्या आधी अध्यक्षीय समारोप, यात पाऊण तास जातो आणि माणसं उठतात. सरपंचांना फ्लेक्सवर फोटो हवा असेल तर खुशाल द्या, वक्ता मात्र त्यांना ठरवू देऊ नका. नोंदणी, घटना, पदाधिकारी या भानगडीत आत्ताच पडू नका.

प्राध्यापकांना सोडू नका मात्र. त्यांना व्याख्यानाला बोलावण्याऐवजी गावात फिरायला बोलवा. मारुतीच्या मागं किंवा वेशीजवळ शेंदूर थापलेले उभे दगड आहेत का? त्यांतला एखादा वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड, असेल. तीन-चार कप्पे असतात. खालच्या कप्प्यात वीर आडवा पडलेला, शेजारी गायी कोरल्या असतील तर तो गोधन सोडवताना मेला. वरच्या कप्प्यात लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला उचलून नेतायत. सगळ्यात वर तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. ज्याला तुमचं गाव म्हसोबा म्हणून नारळ फोडतं तो कदाचित गुरं राखताना पडलेला कुणाचा तरी पोरगा आहे. हे जाणकारानं दगडापाशी उभं राहून पंधरा मिनिटांत सांगितलं तर गाव ऐकेल. दगड हलवू नका, ऑइल पेंट लावू देऊ नका, आणि नारळ फोडणाऱ्याला हसू नका. आणि सातवाहनच दाखवायचे असतील तर एस.टी.नं तुमच्याच जिल्ह्यातल्या तेरला घेऊन जा सगळ्यांना. रामलिंगप्पा लामतुरे हे त्याच गावचे. पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, सापडलेल्या वस्तू त्यांनी जमवत नेल्या आणि त्यांच्या त्या संग्रहातून आजचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं. मणी, भाजक्या मातीच्या बाहुल्या, हस्तिदंती कोरीवकाम बघून आल्यावर तुमच्या गावातली पोरं आपल्या पांढरीकडं वेगळ्या नजरेनं बघतील. थोडी भीतीही आहे त्यात, कारण पोरं लगेच उकरायला लागतात. उकरायचं नाही हे जातानाच बजावा.

त्यावरून नाण्यांचं. पोराला सांगा, चिंच-लिंबू लावून घासू नकोस, व्हॉट्सअॅपला टाकू नकोस आणि सोनाराकडं तर मुळीच नेऊ नकोस. ज्या गाडग्यात सापडली त्याची खापरंसुद्धा ठेव. जमिनीत दडलेलं, 10 रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, असा 1878 चा कायदा आहे आणि तो अजून लागू आहे. दडवलं तर सापडणाऱ्याचा हक्क जातो आणि वर गुन्हा होतो. कळवलं तर त्याचा वाटा कायद्यानं धरलेला आहे, हे त्याच्या बापालाही समजावून सांगा, कारण घाबरतो तो बाप. कलेक्टरच्या नावानं अर्ज तुम्ही लिहून द्या: कोणत्या तारखेला, कोणत्या गटात, किती खोलीवर, किती नाणी. मोजून, फोटो काढून, दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन त्याच्याबरोबर तहसीलला जा आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.